गेंदामावशीची न निघालेली कॅसेट

मावशी, तुझा अल्बम येतोय. कॅसेट आता कोणी काढत नाही. मोबाइलवरच येणार, ज्याला ऐकायचा तो ऐकेल. तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, हातात काय येईल? हातात काही येणार नाही. मलाही ते पटलेलं नाही, पण आता असंच असतं.

समाजाच्या मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला. जन्म कुठला, गायला केव्हा लागल्या, सत्कार कोणकोणते झाले, एवढं द्या म्हणाले. मी म्हटलं, ते सगळं तुमच्या शोकसभेतल्या भाषणांत येऊन गेलंय, परत कशाला छापता. मी माझ्या पद्धतीने लिहीन आणि तिलाच लिहीन. तुला वाचता येत नव्हतं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी लिहा म्हणाले.

शोकसभेत जो तो सांगत होता, गेंदाबाईंचा आवाज किती गोड. गोड नव्हता. लूमच्या खडखडाटात बसून, मागाच्या सुताच्या कांड्या भरता भरता तू गायला शिकलीस. शेजारच्या बाईला ऐकू जायचं तर मागापेक्षा मोठ्याने गावं लागायचं, म्हणून तुझा आवाज तसा झाला, वरचा आणि धारेचा. सूरतेत, उधन्याच्या आपल्या गल्लीत तू दारात बसून गायला लागलीस की पलीकडचे पटेलकाका खिडकी लावून घ्यायचे. पण कुठल्याही मांडवात, ढोल चालू असताना, मागे बसलेल्या म्हातारीला तुझा शब्द न् शब्द कळायचा. हे कोणत्याही भाषणात आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

आपलं भांडण त्या कॅसेटवरूनच होतं. बाकीची भांडणं आपली रोजची होती, मीठ, गॅस, तुझी गोळी, माझा फोन. ती मिटायची. हे मिटलं नाही.

पर्वत पाटिया भागातल्या स्टुडिओच्या शेठनी तुझी कॅसेट काढायचं ठरवलं तेव्हा मी लग्नाच्या वयाची होते. शेठ गुजराती, त्यांचा मुख्य धंदा गरब्याच्या आणि भजनांच्या कॅसेटचा. पण सूरतेत खानदेशची एवढी माणसं, लूमवर, कापड बाजारात, कडोदऱ्यापर्यंत पसरलेली, आणि त्यांना लग्नसराईत आपली गाणी लागतात, हे त्या माणसाने बरोबर हेरलं. तू आणि इंदूकाकू रिक्षाने जायचात. इंदूकाकू तुझ्यामागे झील धरायची, म्हणजे तू ओळ टाकायचीस आणि ती व तिच्याबरोबरच्या बायका ती उचलायच्या. शेठ तुला माइकपासून लांब, जवळजवळ दाराशी उभं करायचे, नाहीतर मशीनचा काटा टोकाला जातो आणि आवाज फाटतो म्हणायचे. हे सगळं तू घरी येऊन हसत सांगितलंस. गाणी झाली. वरच्या कागदासाठी तुझा फोटोही काढला, त्यात तू कोणावर तरी चिडल्यासारखी दिसतेस. आणि मग कॅसेट निघालीच नाही.

का नाही निघाली? मी विचारलं की तू म्हणायचीस, घसा बसेल व्हता. कधी म्हणायचीस, शेठचं मन बदललं. कधी नुसतं, जाऊ दे ना माय. पुढे तुझ्याच मागे बसून शिकलेल्या एका बाईची कॅसेट निघाली आणि नंदुरबारपासून धुळ्यापर्यंत एसटी स्टँडवर वाजू लागली. त्यात तुझ्या चाली होत्या. मी तुला म्हटलं, चालून आलेलं ढकलायची तुला सवयच आहे. तू कपडे वाळत घालत होतीस, वळलीही नाहीस. नंतर कितीतरी वर्षं, टीव्हीवर कोणी लोकगीत गायला लागलं की मी तेच म्हणायचे आणि तू उठून आत जायचीस.

आता मला माहीत आहे तू आत का जायचीस. माहीत व्हायला तुला जावं लागलं, याचा मला राग आहे. तो आधीच सांगून ठेवते.

तुझी गायची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नव्या मुलामुलींनी ती पाहिलेली नाही. हळदीच्या घरी गेलीस की तू लगेच गायला बसायची नाहीस. आधी घरातली एखादी जाणती बाई गाठायचीस आणि नावं विचारून घ्यायचीस. नवरीचं, नवरदेवाचं, मामाचं, आत्याचं, कोण गेलं असेल तर त्याचंही. ती सगळी नावं डोक्यात ठेवून मग गाण्यात एकेक बसवायचीस. त्या घराची हळद त्या घराच्याच नावांची व्हायची. एकदा नवरदेवाचा भाऊ घाईत होता. तू विचारलंस, "नवरदेवनं नाव सांग रे." तो म्हणाला, "बंटी." तू म्हणालीस, "बंटी कुत्रानं नाव ऱ्हास. घरनं सांग." सगळा मांडव हसला. ते घर आजही तुझी आठवण काढतं ती त्या बंटीवरून.

नावाशिवाय तू हळद गात नव्हतीस. मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर म्हण म्हणाले, तरी नाही. "हयद अशीच कशी म्हनू? ती कोनले लागी?" असं तुझं उत्तर. म्हणजे हळद गायची तर ती कोणाच्या तरी अंगाला लागली पाहिजे, मोकळी सोडायची नाही. दुसरंही एक होतं, ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस पण पाळलंस. कोणाची हळद तिच्या दिवसाच्या आधी गायची नाही. तालमीतसुद्धा नाही.

आणि मला तू हळदीला नेत नव्हतीस. लहानपणी न्यायचीस. आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि तू साक्रीला येऊन मला एका पिशवीसकट उधन्याला घेऊन आलीस. तेव्हा मी तुझ्या पदराला धरून प्रत्येक मांडवात असायचे. माझी सुपारी, म्हणजे ठरलेलं लग्न, मोडल्यावर ते बंद झालं. इंदूकाकू बोलवायला यायची, तू लुगडं बदलून निघायचीस आणि मला म्हणायचीस, "तू नको येऊ, तुझं काम कर." मी काम केलं. साड्यांना लेसपट्टी लावायचं काम घरी आणलं, मग बायका ठेवल्या, मग मागची खोली घेतली. आज बाजारातले व्यापारी मला शकुबेन म्हणून ओळखतात आणि माल उशिरा दिला तर मीच त्यांना ओरडते. हळदीला न नेण्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला होता. लग्न न झालेली भाची मांडवात नको, लोक विचारतात. मला वाईट वाटलं, पण अर्थ सरळ होता. सरळ असलं की मला पुरतं.

शेठ कधीच गेले. त्यांचा मुलगा चिराग त्याच जागी आता स्टुडिओ चालवतो, जाहिरातींचे आवाज वगैरे करतो. माळा साफ करताना त्याला जुन्या टेपची रिळं मिळाली, एकावर गुजरातीत तुझं नाव. तो शोधत शोधत घरी आला तेव्हा तू खाटेवर होतीस, पायांना सूज, बोलायला दम लागत होता. बिचारा तुझ्या पाया पडला. म्हणाला, "गेंदामासी, मारा पप्पा आखी जिंदगी कहेता हता, आवो अवाज फरी नथी मळ्यो." पप्पांना असा आवाज पुन्हा मिळाला नाही, हे ऐकून तू त्याच्याकडे पाहत राहिलीस. मला वाटलं आनंद झाला. तू म्हणालीस, "मी गेल्यावर काय करायचं ते करा." मग तो गेल्यावर मला म्हणालीस, "आधी तू ऐक. इंदूले संगे ले. मंग ठरव."

मी म्हटलं, ऐकेन. सणाच्या ऑर्डरी तोंडावर होत्या, खोलीभर गठ्ठे. चिरागने दोनदा फोन केला, "शकुबेन, एक वार सांभळो तो खरा," एकदा ऐकून तर जा. मी म्हटलं, मोकळी झाले की येते. मी मोकळी झाले तेव्हा तू नव्हतीस.

तेराव्यानंतर मी इंदूकाकूला घेऊन पर्वत पाटियाला गेले. काकूचे गुडघे गेलेत, जिना चढताना ती प्रत्येक पायरीला तुला शिव्या देत होती, "मरनी तरी माले जिना चढावस ही बाई." चिरागने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि लावलं.

आधी कानबाई देवीची गाणी. जात्यावरची. आवाज अगदी तुझा, पण तरुण. माझ्याहून कितीतरी लहान बाईचा आवाज. ते मला चमत्कारिक वाटलं. इंदूकाकू मांडीवर ताल धरून बसली होती आणि स्वतःची झील ऐकून म्हणत होती, "देख, कशी वरड्यासारखी वरडी ऱ्हायनू मी." चिराग हसला. मग हळद लागली.

परकासना दारथीन ऊनी हयद,
शकूना अंगले लागनी हयद.

काकूचा हात थांबला. मी आधी ऐकलं आणि मला समजलं नाही. मग झील आली, सगळ्या बायका मिळून, परकासच्या दारातून हळद आली, शकूच्या अंगाला हळद लागली. मग माझ्या आईचं नाव आलं, ती गेलेली असूनही मांडवात येऊन बसली. मग तुझ्या नवऱ्याचं, काकाचं. मग परत मी. मी चिरागला म्हटलं, पंखा बंद कर, नीट ऐकू येत नाही. ऐकू येत होतं.

प्रकाश म्हणजे ज्याच्याशी माझी सुपारी फुटली होती, लग्न ठरलं होतं, तो. शिरपूरकडचा. दिवाळी झाल्यावर त्यांच्याकडून निरोप आला होता की जमत नाही. त्याला शाळेत नोकरी लागली आणि सूरतेतल्या लूमवाल्याच्या घरची मुलगी त्यांना कमी पडायला लागली, एवढीच ती गोष्ट. मी त्याच्यासाठी झुरले वगैरे नाही. मी त्याला धड पाहिलंही नव्हतं.

"काकू," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"तुले सांगं नही का तिनी कधी?"

"काय सांगायचं होतं?"

इंदूकाकूने चहाचा कप बाजूला ठेवला. तिने जे सांगितलं ते असं. शेठ म्हणाले, नावं नकोत, नुसतं नवरी, नवरदेव म्हणा, म्हणजे कॅसेट कोणत्याही लग्नात चालेल. तू माइकसमोर उभी राहिलीस आणि तुझ्या तोंडून शब्द फुटेना. दोनदा तोंड उघडलंस, दोनदा मिटलंस. ढोलकीवाला वैतागला. शेठ म्हणाले, मग घाला बाबा कोणाची तरी नावं, पण आटपा. तुझ्या डोक्यात त्या दिवसांत एकच लग्न होतं. तू माझं घातलंस.

"मी तिले तठेच म्हनं," काकू म्हणाली, "गेंदा, पोरनी हयद आजून लागेल नही, तू आधीच काय म्हनी ऱ्हायनी? ती म्हने, लगीन तं ठरेल शे, दोन महिनानी तं गोष्ट. तिले गानं सोडवत नव्हतं माय. एवढा मोठा माइक, एवढी मानसं, कोन सोडी?"

दिवाळीनंतर निरोप आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघी शेठकडे गेलात. तू त्यांना हात जोडून सांगितलंस, कॅसेट काढू नका. मोडलेल्या सुपारीच्या मुलीचं नाव त्या मुलाच्या नावासोबत गावोगाव वाजेल, मग तिला कोण करेल? शेठ म्हणाले, ते एक गाणं काढून टाकू, बाकीची काढू. तू नाही म्हणालीस. सगळंच राहू द्या म्हणालीस.

"सगळंच का?" मी विचारलं.

काकू माझ्याकडे न बघता बोलली. "तिले वाटे, तिनीच मोडं. हयदना आधी हयद म्हनी, म्हनीसन मोडनं. ती म्हने, मना तोंडनी नजर लागनी पोरले. मी तिले कितला डाव सांगं, गेंदा, असं काही नही ऱ्हास. आयके तं ना! मनापाशीन वचन लिधं, शकूले सांगू नको."

येताना रिक्षात काकू रडली. मी रस्ता बघत होते, उड्डाणपुलाखाली ट्रकांची रांग होती आणि रिक्षावाला मधून घुसवत होता.

आता माझं ऐक. तू मला मांडवातून दूर ठेवलंस ते लोकांच्या बोलण्यामुळे नव्हतं. तुला माझ्यासमोर हळद गाता येत नव्हती. तुला वाटायचं, मी तुझ्या हातून खराब झालेला माल आहे. म्हणून संध्याकाळी पहिली गरम भाकरी मला. म्हणून डोक्याला तेल, म्हणून मी रागावले तरी उलट न बोलणं, म्हणून मी आजारी पडले की देवीला नवस. मी हे सगळं माया समजून घेतलं, आणि आता प्रत्येक गोष्ट हातात घेऊन उलटसुलट करून बघावी लागते आहे, ही माया होती की भरपाई. हे तू बरं केलं नाहीस, मावशी. तुझ्या जाण्याचं दुःख मला सरळ करता आलं असतं. तू त्यात हे मिसळून गेलीस.

मला एकदा विचारायचं होतंस. शकू, तुझं आयुष्य कसं आहे? मी सांगितलं असतं. बरं आहे. हात चालतो, माझ्याकडे काम करणाऱ्या बायकांची मुलं शिकतात, कोणाच्या परवानगीने मला साडी घ्यावी लागत नाही. काही संध्याकाळी घर रिकामं वाटतं, ते लग्न झालेल्यांनाही वाटतं, माझ्याकडच्या बायका सांगतात. ज्या गोष्टीसाठी तू तुझी कॅसेट पुरलीस ती गोष्ट मी केव्हाच विसरले होते. तुझा आवाज माळ्यावर पडून राहिला आणि त्याच्या बदल्यात माझं जे नाव वाचवायचं होतं त्याला कोणी हात लावायला आलं नाही.

पण साक्रीहून तू मला आणलंस तेव्हा प्रकाश नव्हता, शेठ नव्हते, माइक नव्हता. बसमध्ये मला उलटी झाली आणि तू ती तुझ्या पदरात घेतलीस. तेवढं मी वेगळं काढून ठेवलं आहे. त्यावर संशय नाही.

चिराग म्हणाला, हे गाणं सगळ्यात चांगलं आहे, हे नसेल तर बाकीच्यांना अर्थ नाही. मलाही ऐकताना तेच वाटलं होतं. बाकीची गाणी तू म्हटलीस, ही हळद तू लावलीस. माझ्या नावाचं मला काही नव्हतं. या वयात कोण काय म्हणणार? पण दुसरं नाव माझं नव्हतं. त्याच्या मालकाला विचारायला हवं होतं.

नंबर मिळायला अडचण आली नाही. समाजाच्या वधू-वर पुस्तिकेत त्याच्या धाकट्या मुलाचं स्थळ होतं, खाली बापाचा मोबाइल. मी दुपारी, बायका जेवायला गेल्यावर लावला.

"नमस्कार, मी उधन्याहून शकुंतला बोलते."

"कोण शकुंतला? स्थळासंबंधी का? मुलगी काय करते?"

"मुलगी लेसपट्टीचा धंदा करते. ती मीच. माझी सुपारी तुमच्याशी फुटली होती."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"बोला," तो म्हणाला. आवाज मास्तरचाच, आता निवृत्तीला आलेल्या.

मी सांगितलं. मावशी गेली, टेप मिळाली, त्यात तुमचं नाव आहे. ठेवायचं की काढायचं?

"अहो, काढा. काढाच. मिसेसला जुनं माहीत आहे, पण आता सून आली घरात, व्याही मोबाइलवर गाणी पाठवत असतात... उगाच."

"काढते. एक विचारू? मोडायचं तुमच्याकडे केव्हा ठरलं?"

"आता त्याचं काय?"

"माझं काम आहे, म्हणून विचारते. भांडायला फोन केलेला नाही."

"पोळ्याच्या आधी. नोकरीची ऑर्डर आली आणि त्याच आठवड्यात वडील म्हणाले, सूरतेचं राहू द्या. पण निरोप घेऊन जायला कोणी तयार होईना. ज्यांनी जमवलं होतं ते तोंड लपवून बसले. मग गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. चुकलंच आमचं, शकुंतलाबाई."

"पोळ्याच्या आधी. नक्की?"

"बैल सजवताना वडिलांशी त्यावरूनच वाद झाला होता माझा. नक्की."

मी त्याला मुलासाठी चांगलं स्थळ मिळो म्हटलं आणि फोन ठेवला. मग चिरागला लावला. रेकॉर्डिंग केव्हाचं, नीट बघून सांग. त्याला बघावं लागलं नाही. गरब्याच्या कॅसेट बाजारात जाईपर्यंत पप्पा दुसरं कोणाचं काम घ्यायचेच नाहीत, म्हणाला. मासीचं काम नवरात्र चालू झाल्यावरच केलेलं असणार. इंदूकाकूलाही आठवत होतं, स्टुडिओतून परत येताना रस्त्यात गरब्याचे मांडव लागले होते आणि तू रिक्षा थांबवून दर्शन घेतलं होतंस.

प्रकाशचं नाव चिरागने काढलं. आजकाल कॉम्प्युटरवर नुसता गळा काढून ढोलकी ठेवता येते म्हणे. त्यामुळे ओळ अशी झाली आहे की आधी ढोलकी एकटी वाजते, सगळ्या बायका गप्प, आणि मग एकदम दारथीन ऊनी हयद. झील येते तेव्हाही तसंच. चिरागला ते सोसवेना. म्हणाला, गाणं फाटकं वाटतं, मासीच्याच दुसऱ्या गाण्यातून एखादं नाव उचलून इथे बसवतो, कोणाला कळणार नाही. मी म्हटलं, नको. डाग पडलेल्या साडीला आम्ही ठिगळ लावून पहिल्या नंबरात घालत नाही. सेकंडचा शिक्का मारतो आणि तशीच विकतो, घेणारा बघून घेतो. हे असंच जाऊ दे. माझं नाव जिथे आहे तिथे राहू दे, आईचंही.

तो "जेवी तमारी मरजी" म्हणाला. दिवाळीच्या आधी अल्बम येईल. वर तोच चिडलेला फोटो आहे, दुसरा चांगला तू कधी काढू दिला नाहीस.

इंदूकाकूला मी घरी जाऊन पोळ्याचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "आते कोनले सांगशी?"

तुलाच सांगणार, दुसरं कोणाला? वाचता येत नसलं तरी, ऐकू येत नसलं तरी. त्यांचं पोळ्याच्या आधीच ठरलं होतं, मावशी. तू माइकसमोर तोंड उघडलंस, त्याच्याही आधी.